लाकूडतोड्या अब्राहम लिंकन व त्याचे घराणे

जीर्णोद्धार समितीच्या मंडळींनी या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे असे सांगितले, तेव्हा प्रथम आपल्याकडचीच नावे मनात आली. परंतु संतांची चरित्रे आपण कीर्तनातून ऐकतो आणि ती सांगणारे अधिकारी लोक गावोगाव आहेत. तेथे तालुका कचेरीत कारकुनी करणाऱ्याने काय भर घालावी? हा विचार चालू असतानाच जुन्या सभामंडपाचे माळवद उतरवण्याचे काम सुरू झाले. माती खाली आली, कडीपाट निघाला आणि सागवानी तुळया उघड्या पडल्या. सुतारमिस्त्रींनी एका तुळईवरची काजळी खरवडून दाखवली. करवतीचा माग कोठेच नव्हता. कुऱ्हाडीचे आणि वाकसाचे घाव एकाशेजारी एक, कालच मारल्यासारखे स्पष्ट होते. हे लाकूड कोणी तोडले, कोणी तासले याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. देणगीदारांची यादी मात्र जुन्या वहीत आहे.

त्या तुळईकडे पाहताना ज्याच्या लाकूड तोडण्याची नोंद जगाच्या इतिहासात झाली, त्या अब्राहम लिंकनची आठवण झाली. परदेशी व परधर्मी माणसाचे चरित्र देवळाच्या स्मरणिकेत कशाला, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर पुढे ओघाने येईल. लिंकन अमेरिकेचे अध्यक्ष होते व त्यांनी गुलामगिरी नष्ट केली, एवढे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. त्यांनी मुलाच्या हेडमास्तरांस लिहिलेले म्हणून एक पत्र अनेक शाळांच्या भिंतींवर लावलेले असते. ते पत्र त्यांच्या उपलब्ध लिखाणात कोठेही सापडत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो. येथे त्यांचे राजकारण थोडक्यात आणि त्यांचे घराणे विस्ताराने सांगण्याचा विचार आहे.

चरित्रनायकाच्या आजोबांचे नावही अब्राहमच होते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्यासारखीच तेथेही होती. हे आजोबा व्हर्जिनिया प्रांतातून केंटकी प्रांताच्या जंगलात जमीन करण्यासाठी आले. १७८६ साली शेतात काम करीत असताना तेथील मूळ रहिवाशांच्या टोळीने त्यांना गोळी घालून ठार केले. लहानगा थॉमस प्रेताशेजारी होता. थोरल्या भावाने, मॉर्डेकायने, घरातून बंदूक झाडली म्हणून तो वाचला. परंतु वाचला तो उघड्यावर पडण्यासाठीच. त्या वेळच्या कायद्याने बापाची सर्व जमीन थोरल्या मुलाकडे गेली आणि थॉमसला वाटणीत काही आले नाही. मोलमजुरी करीत हिंडता हिंडता तो सुतारकाम शिकला. कागदावर कशीबशी सही करण्यापलीकडे त्याला अक्षर येत नव्हते, पण रंधा, पटाशी त्याच्या हातात चांगली चाले. कोपऱ्यात बसणारी उंच लाकडी कपाटे करण्यात त्याचा हातखंडा होता.

१८०६ मध्ये थॉमसचे नॅन्सी हँक्स हिच्याशी लग्न झाले. १८०७ मध्ये मुलगी सारा झाली आणि १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीतील हॉजेनव्हिल गावाजवळ, ओंडक्यांच्या एकखणी घरात अब्राहमचा जन्म झाला. नंतर एक भाऊ झाला, तो तान्हेपणीच गेला.

थॉमस आळशी होता असे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. मला तसे वाटत नाही. त्याने केंटकीत एकामागून एक अशा तीन ठिकाणी जमिनी घेतल्या आणि प्रत्येक ठिकाणी हक्काचा वाद निघाला. त्या प्रांतात सरकारी मोजणी झालेली नव्हती. झाड, ओढा, खडक अशा खुणा सांगून हद्दी लिहीत. झाड पडले की हद्द गेली. ज्यांचा जन्म सात-बाराचे उतारे काढण्यात गेला, त्यांना या माणसाच्या हालाची कल्पना येईल. शेवटी १८१६ च्या डिसेंबरात बिऱ्हाड उचलून तो इंडियाना प्रांतात गेला. तेथे सरकारने मोजून चौकोनी तुकडे पाडलेली जमीन मिळत होती. शिवाय तेथे गुलाम ठेवण्यास बंदी होती आणि गुलाम बाळगणाऱ्या धनिकांपुढे हाताने काम करणाऱ्याचा निभाव लागणे कठीण होते, हेही एक कारण पुढे लिंकन यांनी सांगितले आहे.

इंडियानात लिटल पिजन क्रीक नावाच्या ओढ्याजवळ हे कुटुंब उतरले. भोवती ओक, हिकरी, अक्रोड यांचे जंगल. आपल्याकडे शेत करायचे म्हणजे दगड वेचायचे, तेथे शेत करायचे म्हणजे झाडे पाडायची. पहिले काही दिवस तीन बाजू बंद व एक बाजू उघडी अशा खोपटात काढले आणि उघड्या बाजूस रात्रंदिवस जाळ ठेवला. अब्राहम तेव्हा सात वर्षे उलटून आठव्यात होता. हाडापेराने मोठा, म्हणून बापाने त्याच्या हाती कुऱ्हाड दिली. तेव्हापासून तेविसाव्या वर्षापर्यंत नांगरणी-कापणीचे दिवस वगळता ती हातातून खाली ठेवली नाही, असे त्यांनी स्वतःच आपल्या छोट्या आत्मवृत्तात नोंदवले आहे.

१८१८ च्या पावसाळ्यानंतर त्या वस्तीत एक विचित्र रोग आला. रानात वाढणारी एक विषारी वनस्पती गाई खात आणि तिचे विष दुधात उतरे. लोकांना कारण कळत नव्हते, दूध पिऊन माणसे मरत. नॅन्सीचे नातलग स्पॅरो दांपत्य आधी गेले. ५ ऑक्टोबर १८१८ रोजी नॅन्सी गेली. वय अवघे ३४. थॉमसने घरच्याच फळ्या कापून बायकोसाठी पेटी केली. लोखंडी खिळे नव्हते. नऊ वर्षांच्या अब्राहमने चाकूने लाकडाच्या खुंट्या तासून दिल्या आणि त्या ठोकून आईची पेटी बंद झाली, असे त्या घरात राहिलेला नातलग डेनिस हँक्स पुढे सांगत असे. मुलाने आईला खांदा देणे आपण जाणतो. येथे मुलाने खुंट्या दिल्या.

घर पोरके झाले. अकरा वर्षांची सारा स्वयंपाक करी. सव्वा वर्षाने थॉमस केंटकीस गेला आणि सारा बुश जॉन्स्टन या ओळखीच्या विधवेशी त्याने २ डिसेंबर १८१९ रोजी लग्न केले. सावत्र आई म्हटले की आपल्या कथाकहाण्यांतून एक ठरावीक चित्र उभे राहते. ही बाई त्याच्या अगदी उलट निघाली. ती आपली तीन मुले, अक्रोडाच्या लाकडाचे एक चांगले कपाट, गाद्या आणि काही पुस्तके घेऊन आली. घरात पाऊल ठेवताच तिने पोरांना घासून न्हाऊ घातले. जमीन मातीची होती, तिथे थॉमसकडून फळ्या बसवून घेतल्या, नीट दार करून घेतले. सुताराच्याच घराला धड दार नसते, ही गोष्ट आपल्या गावातही पाहण्यास मिळते. ती स्वतः निरक्षर होती, पण अब्राहमला वाचनाचा नाद आहे हे तिने ओळखले आणि तो वाचीत असताना त्याला उठवू नये असा घरात शिरस्ता पाडला.

शाळा त्याला सर्व मिळून वर्षभरसुद्धा झाली नाही. पाटी नसे, तेव्हा लाकडी फावड्यावर कोळशाने गणिते करायची आणि फावडे भरले की चाकूने तासून कोरे करायचे. लाकूड हीच पाटी.

आता आरंभीच्या शंकेचे उत्तर. १८२० च्या सुमारास लिटल पिजन क्रीकच्या वस्तीने प्रार्थनामंदिर बांधायचे ठरवले. पैसा कोणाजवळ नव्हता. कोणी ओंडके आणले, कोणी धान्य दिले, कोणी अंगमेहनत केली. बांधकामावर देखरेख थॉमस लिंकनने केली. उपदेशकाचा लाकडी ओटा आणि खिडक्यांच्या चौकटी त्याच्या हातच्या होत्या, असे त्या भागात सांगतात. मंदिराची झाडलोट आणि मेणबत्त्यांचा हिशेब हे काम अब्राहमकडे असे, अशीही तेथील सांगी आहे. आपल्या मंदिराच्या कामावर ज्यांनी वर्गणीऐवजी श्रमदान केले, त्यांना हे वाचून परके वाटणार नाही.

परंतु याच काळात बापलेकांत अंतर पडत गेले. कायद्याने मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या मजुरीवर बापाचा हक्क होता. थॉमस अब्राहमला शेजाऱ्यांकडे रोजाने लावी. झाडे पाडणे, दांडे फोडणे, डुकरे कापणे, मका सोलणे, पडेल ते काम. दिवसाचे २५ सेंट मिळत आणि ते बापाच्या हाती जात. ओहायो नदीतून जाणाऱ्या आगबोटींना सरपण लागे. तिच्या काठी लाकडे फोडून रचण्याचे कामही त्याने केले. आपल्या आष्टी तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन कारखान्यांवर जाणारी हजारो बिऱ्हाडे आहेत. फडात वाढलेल्या आणि पुस्तकाची ओढ असलेल्या पोराला अब्राहमच्या मनातील सल वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. बापाचेही खोटे नव्हते. कर्ज होते, तोंडे आठ होती. पण मुलगा पुस्तक घेऊन झाडाखाली बसला की बापाचा संताप होई, आणि मुलाला बापाचे अक्षरशून्य जगणे नकोसे होई. बहीण सारा दोघांमध्ये होती. १८२६ मध्ये तिचे लग्न झाले आणि २० जानेवारी १८२८ रोजी ती बाळंतपणात गेली. बापाने बांधलेल्या त्या प्रार्थनामंदिराच्या आवारातच तिला पुरले.

त्याच वर्षी अब्राहम माल भरलेल्या तराफ्यावर अॅलन जेंट्री नावाच्या तरुणाबरोबर न्यू ऑर्लिन्सपर्यंत गेला. पगार महिना ८ डॉलर. न्यू ऑर्लिन्स ही त्या देशातील गुलामांच्या विक्रीची फार मोठी पेठ. परत आल्यावर सर्व पैसे त्याने बापाला दिले.

मार्च १८३० मध्ये बैलगाड्यांतून बिऱ्हाड पुन्हा हलले, इलिनॉय प्रांतात डेकेटरजवळ, सँगमन नदीकाठी. अब्राहमला महिन्यापूर्वीच २१ वर्षे पूर्ण झाली होती. कायद्याने तो मोकळा होता. तरीही थांबून त्याने नवे घर उभे करू लागले आणि आईचा नातलग जॉन हँक्स याच्या सोबतीने १० एकरांस पुरतील एवढे कुंपणाचे दांडे फोडून दिले. हे काम कसे असते ते सांगतो. दहा-अकरा फुटांचा सरळ ओंडका घ्यायचा, टोकाला लोखंडी पाचर लावायची, लाकडी मोगराने ठोकायची. चीर पडली की पुढे दुसरी पाचर. ओंडक्याचे दोन, दोनाचे चार असे करीत तिकोनी दांडे निघतात. ते नागमोडी एकावर एक रचले की खिळ्याशिवाय कुंपण उभे राहते. लाकडाचा धागा ओळखला नाही तर दांडा आडवा तुटतो. त्या हिवाळ्यापूर्वी त्याला विजार हवी होती. कापड आणि शिलाईच्या बदल्यात एका बाईला दर वाराला ४०० दांडे फोडून देण्याचा सौदा त्याने केला, आणि गडी सहा फूट चार इंच! कापड किती लागले असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा.

१८३१ च्या वसंतात त्याने घर सोडले. जॉन हँक्स व सावत्र भाऊ जॉन जॉन्स्टन यांच्यासह एका व्यापाऱ्यासाठी झाडे तोडून, फळ्या कापून त्याने मोठा तराफा बांधला. तो एप्रिलमध्ये न्यू सेलम गावी गिरणीच्या बांधावर अडकला. काठावर गाव जमले. अब्राहमने माल उतरवून, पुढच्या टोकाला भोक पाडून आत शिरलेले पाणी बाहेर काढले आणि तराफा पार केला. उथळ पाण्यात अडकणाऱ्या बोटी उचलण्याची युक्ती त्याच्या डोक्यात तेव्हापासून घोळत राहिली असावी. पुढे २२ मे १८४९ रोजी त्याच विषयाचे ६४६९ क्रमांकाचे पेटंट लिंकन यांना मिळाले. पेटंट मिळवणारे ते एकटेच अमेरिकन अध्यक्ष.

न्यू सेलममध्ये दुकान काढले, ते बुडाले. मग पोस्टमास्तर व सरकारी मोजणीदाराचे काम केले. कर्जापायी घोडा आणि मोजणीची साधने लिलावात निघाली, तेव्हा एका शेतकऱ्याने ती घेऊन त्यांना परत दिली. १८३४ मध्ये प्रांताच्या कायदेमंडळात निवडून आले, १८३६ मध्ये वकिलीची सनद, १८४२ मध्ये मेरी टॉड या सुखवस्तू घरच्या मुलीशी विवाह. चार मुलगे झाले. त्यांपैकी एडवर्ड १८५० मध्ये गेला आणि विली १८६२ मध्ये, वडील अध्यक्ष असताना, गेला.

लिंकन मोठे वकील झाले, पण बापाचे घर आणि त्यांचे घर दूरच राहिले. सासुरवाडीच्या लोकांत त्यांनी बापाला कधी आणले नाही. उलट हेही खरे की १८४१ मध्ये आईबाप अडचणीत होते तेव्हा त्यांनी २०० डॉलर देऊन बापाची ४० एकर जमीन विकत घेतली आणि दोघांच्या हयातीपर्यंत तिचा उपभोग त्यांच्याकडेच ठेवला. पैसा दिला, भेट दिली नाही. १८५१ च्या जानेवारीत थॉमस अंथरुणाला खिळला. सावत्र भावाची पत्रे आली. लिंकन यांनी बरेच दिवसांनी उत्तर लिहिले. पत्नी बाळंतीण व आजारी असल्याचे कळवले, देवावर भरवसा ठेवावा असा निरोप बापाला दिला, आणि आता भेट झाली तर ती सुखापेक्षा दुःखच अधिक देईल असेही त्यात लिहिले. १७ जानेवारीस थॉमस गेला. लिंकन अंत्यविधीस गेले नाहीत.

या प्रसंगावर मी पुष्कळ विचार केला आहे. थोर पुरुषाच्या चरित्रात असे पान आले की लिहिणारा ते घाईने उलटतो. मला ते उलटवले नाही. पुण्या-मुंबईस स्थिरावलेली आपली कितीतरी मुले दरमहा पैसे पाठवतात, देवळाला देणगीही देतात, पण उंबऱ्याच्या आत आल्यावर बापाशी चार शब्द बोलू शकत नाहीत. चूक कोणाची हे बाहेरच्याने ठरवू नये. लिंकन यांनी बापाच्या माघारी सावत्र आईची जमीन मात्र सोडली नाही. सावत्र भाऊ ती विकावयास निघाला तेव्हा त्यास कडक शब्दांत पत्र लिहून अडवले. आणि १८५३ मध्ये चौथा मुलगा झाला, त्याचे नाव थॉमस ठेवले. घरात त्याला टॅड म्हणत.

जी कुऱ्हाड नको म्हणून घर सोडले, तीच पुढे कामास आली. ९ मे १८६० रोजी डेकेटर येथे रिपब्लिकन पक्षाचे प्रांतिक अधिवेशन भरले असता जॉन हँक्स दोन जुने दांडे खांद्यावर घेऊन मंडपात शिरला. हे १८३० साली लिंकनने फोडलेले दांडे, अशी पाटी त्यांना लावलेली होती. मंडप टाळ्यांनी दणाणला. लिंकन संकोचून म्हणाले की हे माझेच आहेत असे सांगता येणार नाही, पण मी याहून चांगले पुष्कळ फोडले आहेत. त्या दिवसापासून दांडे फोडणारा उमेदवार हे नाव देशभर झाले. तोवर लिंकन आगगाडी कंपन्यांचे खटले चालवणारे बडे वकील होते हे लोक विसरले, आणि विसरू देणाऱ्यांनी विसरू दिले. निवडणुकीच्या हिकमती तेव्हाही होत्या.

६ नोव्हेंबर १८६० रोजी ते निवडून आले. राजधानीस निघण्यापूर्वी, जानेवारी १८६१ च्या अखेरीस, ते सावत्र आईच्या भेटीस गेले आणि बापाच्या थडग्याजवळ उभे राहिले. थडग्यावर दगड बसवण्याचे त्यांच्या मनात होते. हयातीत ते जमले नाही. म्हातारीने मुलाला छातीशी धरले. हा पुन्हा दिसणार नाही, याला मारतील, असे तिच्या मनाने घेतले होते.

पुढचे चार वर्षांचे यादवी युद्ध, सहा लाखांवर माणसांचा संहार, १ जानेवारी १८६३ ची बंडखोर प्रांतांतील गुलामांच्या मुक्ततेची घोषणा आणि १८६५ ची घटनादुरुस्ती हे सर्व इतिहासाच्या पुस्तकात आहे. सुमारे ४० लक्ष माणसे दास्यातून सुटली. दुसऱ्याच्या घामाची कमाई तिसऱ्याने घ्यावी हे त्यांना का सहन होत नव्हते, याचे मूळ मला त्या २५ सेंटांच्या रोजात दिसते. गुलामाचे दुःख त्याहून कितीतरी पट मोठे होते, हे अर्थात सांगावयास नको. महसूल खात्यातील माणूस म्हणून आणखी एका कायद्याचा उल्लेख करतो. २० मे १८६२ रोजी त्यांनी सही केलेल्या कायद्याने, सरकारी जमिनीवर पाच वर्षे राहून ती कसणाऱ्यास १६० एकर किरकोळ शुल्कात मिळू लागली. थॉमसच्या तरुणपणी असा कायदा असता तर त्याला तीनदा बिऱ्हाड उचलावे लागले नसते. ज्या मूळ रहिवाशांची ती भूमी, त्यांचे काय झाले हा प्रश्न मात्र त्या कायद्याने आणखी बिकट केला.

या लढ्याची दखल महाराष्ट्रानेही घेतली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये लिहिलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांस अर्पण केला आहे.

८ एप्रिल १८६५ रोजी लिंकन व्हर्जिनियात सिटी पॉइंट येथील लष्करी इस्पितळात जखमींना भेटले. दिवसभर हजारो सैनिकांशी हात मिळवले. हात दुखत असेल असे कोणी म्हणताच त्यांनी जवळच पडलेली कुऱ्हाड उचलली आणि लाकूड फोडू लागले, ढलप्या उडाल्या. मग दांड्याचे टोक धरून ती सरळ आडव्या हाताने तोलून धरली. वय ५६. तरुण शिपायांनी करून पाहिले, त्यांना जमले नाही. त्यानंतर सहाव्या दिवशी, १४ एप्रिलच्या रात्री, नाटकगृहात त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि १५ एप्रिलच्या सकाळी त्यांनी प्राण सोडला.

बातमी गावी पोचली तेव्हा सावत्र आई जिवंत होती. ती १८६९ मध्ये गेली. आजोबांचे नाव लावणारा टॅड १८७१ मध्ये अठराव्या वर्षी गेला. थोरला रॉबर्ट १९२६ पर्यंत जगला. लिंकन यांचा शेवटचा वंशज १९८५ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारला आणि घराणे तेथे थांबले. नॅन्सीच्या थडग्यावर १८७९ मध्ये एका गाड्या बांधणाऱ्या कारखानदाराने स्वखर्चाने दगड बसवला. इंडियानातील ती जागा आता राष्ट्रीय स्मारक आहे. निरक्षर थॉमसच्या हातची काही कोनकपाटे मात्र तिकडच्या संग्रहालयांत अजून उभी आहेत, आणि त्यांची दारे नीट बसतात असे म्हणतात.

आपल्या सभामंडपाची ती तुळई समितीने विकली नाही. नव्या मंडपाच्या डाव्या अंगाला, पादत्राणे ठेवण्याच्या जागेपलीकडे, ती बसण्यासाठी आडवी ठेवली आहे. मिस्त्रींनी तिला रंधा लावलेला नाही.